शेवयांच्या डब्यातला पंप

ज्या घरात एखादं लेकरू खेळता खेळता मधेच थांबतं, गुडघ्यांवर हात टेकून वाकून उभं राहतं, त्याच्या छातीतून मांजर बसल्यासारखा आवाज येतो आणि घरचे पाहुण्यांना सांगतात, ‘काही नाही, जरा सर्दी आहे’, त्या घरासाठी मी हे लिहिते आहे. डॉक्टर लोकांना यात नवीन काही मिळणार नाही. त्यांनी हे बाजूला ठेवलं तरी चालेल.

मला दमा आहे. लिहायला मी पत्रकं लिहून शिकले. वसतिगृहाचं पाणी, एसटीचा पास, मुलींच्या रस्त्यावरचे बंद दिवे, असल्या मागण्यांची पत्रकं. त्यामुळे मुद्दा आधी सांगून टाकायची खोड लागली आहे. हा मुद्दा मात्र तोंडातून बाहेर यायला बरीच वर्षं गेली.

पत्र्याखाली

किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी पाच वर्षांची होते. आमचं गाव निलंगा तालुक्यातलं. आमच्या घराची भिंत बाहेरच्या बाजूला पडली म्हणून आम्ही वाचलो. शेजारची आत पडली. यावर मी जास्त लिहिणार नाही. भूकंपावर पुष्कळांनी लिहिलं आहे. मला त्याच्यानंतरचं सांगायचं आहे.

आम्हाला पत्र्याची शेड मिळाली. उन्हाळ्यात तवा, हिवाळ्यात बर्फ. एका खोलीत माय, बाबा, मोठी बहीण रेखाताई, मी, ज्वारीची पोती आणि चूल. चुलीत तुराट्या. धूर वर जायचा, पत्र्याला लागायचा आणि पुन्हा आमच्यावर उतरायचा. जुन्या घराच्या धाब्याला निदान धूर जायला भोक होतं.

पहिल्याच हिवाळ्यात माझी छाती वाजायला लागली. गावातल्या एका म्हातारीनं बघितलं आणि सांगून टाकलं, ‘डब्बा झालाय लेकराला.’ श्वासाबरोबर लहान मुलाच्या बरगड्या आत ओढल्या जायला लागल्या की आमच्याकडं त्याला डब्बा म्हणतात आणि बिब्बा तापवून पोटावर चटके देतात. मला दिले. खुणा अजून आहेत. माय तोंडात पदर कोंबून बाहेर उभी होती, असं रेखाताई सांगते. मी मायवर चिडत नाही. दवाखान्यापर्यंत जायला वाहन नव्हतं, म्हातारी मात्र दोन शेड सोडून राहत होती. माणूस ज्याच्यापर्यंत पोचतो त्याच्याकडूनच औषध घेतो.

त्या काळात आमच्या वस्तीत पुष्कळ लोक येऊन गेले. ब्लँकेटं आली, भांडी आली, फोटो काढणारे आले. कुणाचं घर किती पडलं, तडा कुठून कुठे गेला, सगळं मोजून नेलं. लेकरं आत काय श्वासात घेतात हे कुणी बघितलं नाही. मला दमा त्या धुरानंच झाला असं मी म्हणणार नाही. कारणं अनेक असतात, हे मी आता शिकले आहे. पण जे मोजलंच नाही त्याची जबाबदारी कुणावरच येत नाही, हेही शिकले आहे.

पुढं पक्कं घर मिळालं. छाती वाजतच राहिली. आता तिचं नाव ‘सर्दीचा कोठा’ पडलं. दही बंद, पेरू बंद, सीताफळ बंद, लंगडी बंद. बाजाराच्या दिवशी एक डॉक्टर यायचा, सुई टोचायचा. आठवडा बरा जायचा.

लातूर

दहावीला चांगले गुण पडले आणि आमच्या भागात अशा पोरापोरींचं जे होतं तेच माझं झालं. बाबांनी मला लातूरला आणून सोडलं. भूकंपानं या जिल्ह्याचं नाव देशाला कळलं होतं, आता निकालांनी कळायला लागलं होतं. गल्लीगल्लीत क्लास, घराघरावर ‘मुलींसाठी खोली मिळेल’. मी डॉक्टर होणार होते.

खोलीत माझ्यासोबत नसरीन होती. उदगीरला तिच्या अब्बांचं शिलाईचं दुकान. पहिल्याच सकाळी ती म्हणाली, “हार्मोनियम लेके आई क्या गे? रातभर बजाती.”

“सर्दी आहे,” मी म्हणाले.

“मेरेकू भी होती सर्दी. मैं नाक से बजती. तू तो पीठ से बजती.”

ऐन थंडीतली एक सकाळ. फिजिक्सचा तास. बाकावर खांद्याला खांदा. मी पुढं बसलेली, फळ्यावरची खडूची भुकटी सगळी माझ्या तोंडावर. आणि मला श्वास सोडता येईना. लोकांना वाटतं दम्यात श्वास घेता येत नाही. आधी सोडता येत नाही. आतला बाहेर जात नाही म्हणून नवा मावत नाही. पाण्यात बुडणाऱ्याला निदान ओरडता तरी येत असेल, असं मला त्या वेळी वाटलं होतं.

सर थांबले. म्हणाले, “टेन्शन घेऊ नका. परीक्षा जवळ आली की मुलींना असं होतं.” मागच्या बाकांवर कुणीतरी हसलं.

नसरीन उभी राहिली. “सर, टेन्शनसे होंट नीले नहीं पड़ते.” आणि तिनं मला बखोटीला धरून बाहेर काढलं, रिक्षात घातलं. वाटेत मी तोंडावर ओढणी घेत होते. ती ओरडली, “पहले साँस ले, शरमा बाद में!”

डॉक्टरबाईंनी छाती तपासली, पाठ तपासली, एका नळीत फुंकायला लावलं. माझ्यानं नीट फुंकलंही गेलं नाही.

“कधीपासून आहे?”

“लहानपणापासून.”

“मग आतापर्यंत याला काय म्हणत होते?”

मी सांगितलं. डब्बा. सर्दी. कोठा. आणि आज सकाळपासून टेन्शन.

“याला दमा म्हणतात,” त्या म्हणाल्या. “घाबरू नकोस. आजपासून ताब्यात राहील. ऐकशील तर.”

मला भीती वाटली नाही. राग आला. बाईंना चहा थंड व्हायच्या आत जे कळलं, ते माझ्या गावात माझं सगळं बालपण सरलं तरी कळलं नव्हतं. आणि मधलं अंतर केवढं? सकाळच्या एसटीनं निघालं तर जेवायच्या वेळी पोचता येईल, एवढंच.

वॉर्ड

मला दाखल करून घेतलं. दिवस वाफेवर चालायचा: सकाळची वाफ, दुपारची वाफ, संध्याकाळची वाफ. तोंडाला मास्क, मशीनची घरघर, गालावर थंड दव. मधल्या वेळात नसरीन येऊन नोट्स वाचून दाखवायची. माझ्या तोंडावर मास्क असल्यामुळे तिला पहिल्यांदाच मध्ये कुणी टोकत नव्हतं, याचा तिला फार आनंद.

एक सुख सांगते. आडवं झोपता येतं हे मला सतराव्या वर्षी कळलं. तोपर्यंत मी भिंतीला टेकून, उशा पाठीला लावून झोपायची आणि सगळे असेच झोपतात असं समजायची. त्या वॉर्डात पाठ गादीला लागली आणि मी सलग झोपले. उठले तर माय पायथ्याशी बसून माझ्याकडं टक लावून बघत होती. “इतकी गप पडली होतीस की मला भ्या वाटलं,” ती म्हणाली.

शेजारच्या दोन खाटांवर दोन लहान लेकरं होती. एक लातूरच्याच दुकानदाराचं, एक जळकोटकडच्या एका खेड्यातलं. दोघांचा त्रास सारखा, दोघांना औषध सारखं, दोघं एकाच दिवशी बरी होऊन गेली. एक गेलं स्वतःचं वाफेचं मशीन घेऊन. दुसऱ्याची आई चिठ्ठी घेऊन गेली. आधी बस, मग जीप, मग पायी. जाताना तिनं नर्सला विचारलं, “परत असं झालं तर हितवर येस्तोवर काय करू?” नर्स बिचारी चांगली होती, तिनं चिठ्ठीवरची औषधं पुन्हा एकदा समजावली. तो प्रश्न मी अजून सोडवते आहे.

मायची अट

मला श्वासातून औषध ओढायचे दोन पंप मिळाले होते. तपकिरी रोज घ्यायचा, निळा धाप लागली तर. मायनं ते हातात घेऊन बघितले आणि पिशवीत तळाशी घातले. भेटायला कुणी आलं की ती माझा मास्क काढायची आणि फाईल उशीखाली सरकवायची.

“पंपाची सवय लागती म्हणं.”

“सवय लागत नाही, माय.”

“लोक म्हणतेत.”

लोक हा खरा मुद्दा होता. रेखाताईचं लग्न ठरलं होतं. स्थळ कंधारचं, घरची शेती, मुलगा शिकलेला. मायनं मला समोर बसवलं आणि म्हणाली, “घराण्यात दमा हाय म्हणलं की सोयरीक मोडती. ताईच्या अक्षता पडूस्तोवर कुणाम्होरं ते तोंडाला लावू नको. यवढंच ऐक माझं.”

मी ऐकलं. ताईसाठी ऐकलं. दम्याच्या माणसानं असलं वचन देऊ नये.

रुखवत

लग्न जळकोटला होतं, दोघांना मध्ये पडेल म्हणून. कार्यालयात आमच्या खोलीत मावश्या, मामेबहिणी, त्यांची पोरं. सेफ्टीपिन नाहीतर पावडर शोधायला कुणीही कुणाच्याही पिशवीत हात घालत होतं. मायला धास्ती पडली. तिनं माझ्या पिशवीतला निळा पंप काढला, कॅरीबॅगमध्ये गुंडाळला आणि तिच्या मते सगळ्यात सुरक्षित जागी ठेवला: रुखवताच्या पेटीत, शेवयांच्या डब्यात. पेटीला कुलूप, चावी कमरेला. आमच्याकडं रुखवत जेवणं उरकल्यावर मांडतात. तोपर्यंत लग्न लागलेलं असतं.

कंधारकडच्या त्या घराण्यात रुखवत अक्षतांच्या आधी बघतात.

हे मायला कुणी सांगितलं नव्हतं. मामीनं गडबडीत तिच्याकडून चावी मागून घेतली, आणि माय बाहेर पाहुण्यांना सामोरी गेलेली असताना पेटी उघडून सगळं टेबलावर मांडून टाकलं.

इकडं नवरदेव दाराशी आला आणि त्याच्या मित्रांनी मांडवाच्या तोंडाशीच फटाक्यांची माळ लावली. धूर कापडाखाली कोंडला. मी पाचव्या वर्षापासून तो कोंडलेला धूर ओळखते. छाती आवळली. मी गर्दीतून मायपाशी गेले.

“पंप.”

मायचा चेहरा उतरला. “शेवयांच्या डब्यात.”

“कुठल्या?”

“रुखवताच्या, माय माझे.”

मी रुखवत मांडलेल्या खोलीच्या दारात पोचले तर टेबलाभोवती नवरदेवाकडच्या बायकांचं कडं पडलेलं. मध्ये कमलआत्या, नवरदेवाची आत्या. त्याची आई लहानपणीच गेली, त्याला यांनीच वाढवलं. त्यांच्या जिभेला सगळं कंधार भितं, असं आम्हाला आधीच सांगितलेलं होतं. त्या एकेक करंजी हातात घेऊन वजन बघत होत्या. “पातळ हाय पारी. चांगली हाय,” असं म्हणत होत्या.

माझ्यापुढं दोन गोष्टी होत्या, ताईचं लग्न आणि माझा श्वास. मला बोलता आलं असतं तर कदाचित मी काहीतरी बहाणा केला असता. बोलायला हवाच नव्हती. मी कडं फोडून आत गेले, शेवयांचं झाकण काढलं आणि कोपरापर्यंत हात घातला. शेवयांचा चुरा सगळ्या टेबलावर. कॅरीबॅग दातांनी फाडली.

माय मागून धावत आली. “सकाळपासून उपाशी हाय ती, उन्हानं झालंय, काही न्हाई...”

मी पंप तोंडाशी नेला.

“थांब!” कमलआत्या ओरडल्या.

मला वाटलं, संपलं.

“आधी हलव त्याला,” आत्या म्हणाल्या. “कवापासून आडवा पडलाय त्यो शेवयात.”

मी हलवला.

“आता आतला सगळा सोड. दाब. वढ, हळू वढ. धर... धर... धर. सोड आता. लगीच दुसरा मारू नको, जरा दम खा.”

मी दम खाल्ला. दुसरा मारला. छातीतली गाठ एकेक पदर सुटत गेली. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की बायका आता माझ्याकडं बघतच नाहीत. सगळ्या आत्यांकडं बघत आहेत.

माय हळूच म्हणाली, “तुमच्यात कुणाला हाय, आत्याबाई?”

आत्यांनी पदर सारखा केला. खिडकीतून बाहेर बघितलं. मांडवात नवरदेव बाशिंग बांधून उभा होता, तोंडावर रुमाल धरून. नवरदेव धरतातच, आम्ही काय समजणार?

“त्यो रुमाल लाजून धरलेला न्हाई, विहीणबाई.”

मायचा आवाज चढला. “आमच्यापासून लपवलं तुम्ही?”

“अन् तुम्ही शेवयात काय पेरून ठिवलं होतं?”

कुणीतरी फिसकन हसलं, मग सगळ्याच हसल्या. मायसुद्धा. मला हसू आलं नाही. मी तशीच नवरीच्या खोलीत गेले, मामेबहिणींना बाहेर काढलं आणि ताईला सगळं सांगितलं. अक्षता पडायच्या आत तिला कळायलाच पाहिजे होतं. ठरवायचं ते तिनं ठरवायचं होतं.

ताई हातातल्या बांगड्या मागंपुढं करत होती. “माहीत हाय मला. बघायला आला तवाच कळलं. चहा पिताना छाती वाजायली होती त्याची. इतकी वरसं तुझ्या बाजूला झोपले की मी.”

“मग बोललीस कामून नाही?”

“बोलले असते तर त्यांनी विचारलं असतं, तुला कसं कळलं.”

मी हाताला चिकटलेला शेवयांचा चुरा झटकत राहिले.

“माणूस चांगला हाय त्यो,” ताई म्हणाली. “पर आत्याबाईला सांग, ह्याच्याम्होरं मला सगळं सांगायचं. आज तू सांगितलंस तसं. जा आता. मी येते म्हणून सांग.”

त्यानंतर

मेडिकलला माझा नंबर लागला नाही. नसरीनचा लागला. मी नांदेडला समाजकार्य शिकायला गेले, तिथंच पत्रकं लिहायला लागले. आता विष्णुपुरीच्या बाजूला खोली घेऊन राहते आणि लहान मुलांच्या श्वासाच्या त्रासावर प्रबंध लिहिते आहे. मार्गदर्शक मॅडमनी पहिलं प्रकरण वाचलं आणि म्हणाल्या, “हा प्रबंध आहे, मोर्चा नाही. उद्गारचिन्हं काढ.” काढली. राग काढ असं त्या म्हणाल्या नाहीत.

मी कंधार, जळकोट, निलंग्याच्या गावांत फिरते. निलंग्याकडं भूकंपातल्या पत्र्याच्या शेड अजून उभ्या आहेत; पुष्कळ घरांनी त्यांची स्वयंपाकघरं केली आहेत. चूल आत, लेकरू आईच्या पाठीशी. ‘दमा आहे का’ विचारलं की दार बंद होतं. म्हणून मी विचारते: हसता हसता खोकला येतो का? धावताना मधेच बसतं का? झोपताना किती उशा लागतात? मग आया तासभर बोलतात. मला जे दिसतं ते एका वाक्याचं आहे. मोठ्या दवाखान्याजवळच्या घरांत मला दमा भेटतो, लांबच्या घरांत सर्दी भेटते, आणि छात्या दोन्हीकडं सारख्याच वाजतात.

वाचणाऱ्या आयांना माझ्याकडून एवढंच. पंपाची सवय लागत नाही. डॉक्टरांनी रोजचा दिला असेल तर तो रोज द्या, बरं वाटलं तरी, त्यांना विचारल्याशिवाय बंद करू नका. धापेचा पंप लेकराच्या हाताशी, शाळेच्या दप्तरात, सगळ्यांना दिसेल असा ठेवा. आणि लेकराला चटके देऊ नका. पोटावरच्या खुणा बघायच्या असतील तर माझ्याकडं या.

रेखाताईच्या मुलाची छाती या हिवाळ्यात वाजायला लागली. माय मदतीला म्हणून कंधारला जाऊन राहिली आहे. मागच्या आठवड्यात त्याला दाखवायला मी आणि माय दवाखान्यात गेलो. मी केसपेपर काढून आले तर माय बाकावर बसून, नातवाला मांडीवर घेऊन, शेजारच्या एका तरुण बाईशी बोलत होती. त्या बाईच्या कडेवर दोन-तीन वर्षांची मुलगी, खोकून खोकून दमलेली.

“दमा हाय ह्याला,” माय सगळ्या ओसरीला ऐकू जाईल अशी सांगत होती. “बापालाच हाय, मावशीला हाय. पंप देतो आम्ही. चांगला खेळतो. तुझ्या लेकराचं झबलं जरा वर कर बरं. हे बघ, बरगड्या आत जायल्यात. हे डॉक्टरला दाखव आधी. सर्दी हाय म्हणून सांगू नको.”

बाईनं झबलं खाली ओढलं. इकडं तिकडं बघितलं.

“हळू बोला ना, मावशी. पोरगी हाय.”

मायनं आवाज मुळीच कमी केला नाही. दारात उभ्या असलेल्या माझ्याकडं बोट केलं.

“ही बी पोरगीच हाय,” ती म्हणाली. “बघ. कशी उभी हाय.”